डाव्या काठापासून

आबा गेले त्या वर्षी पाऊस लवकर संपला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले, सप्टेंबरात आम्ही जलदान विधी केला, आणि ऑक्टोबर उजाडला तेव्हा एरवी डिसेंबरात असते तेवढी पंचगंगा खाली गेली होती. २००३ साल होतं. पावसानं ओढ दिलेलं हे सलग दुसरं वर्ष.

मी पेठ वडगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटताना शिपाई सांगत आला, गावाकडनं फोन आहे. फोनवर कृष्णात होता. तो बंधाऱ्यावर रोजंदारीनं काम करायचा. दहा वर्षं आबांच्या हाताखाली होता.

"ताई, उद्या येताय न्हवं? आलं पायजेच. आबांच्या नंबरात घोळ निघालाय."

"कसला घोळ?"

"बरगं बसंनात. सायेब म्हंत्यात, म्हाताऱ्यानं कायबी रंगवून ठेवलंय. सोमवारी करवत आणणार हायत."

मी येते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर दोन तास मी सातवीचे पेपर तपासले. कोणाला किती गुण दिले ते आज आठवत नाही.

आमच्या गावाजवळचा बंधारा जुना आहे. दगडी खांब, अठ्ठावीस गाळे, वरून बैलगाडी जाईल एवढी वाट. पावसाळ्यात सगळे गाळे मोकळे असतात आणि नदी आरपार जाते. पाऊस सरला की प्रत्येक गाळ्याच्या दोन्ही खांबांना असलेल्या खाचांतून जाड लाकडी फळ्या एकावर एक सोडायच्या. अशा दोन ओळी करायच्या आणि मधल्या पोकळीत चिकणमाती ठासायची. या फळ्यांना बरगे म्हणतात. बरगे बसले की मागं आठ-नऊ किलोमीटर पाणी उभं राहतं. दोन्ही काठांच्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी त्यावर चालतात, गावागावांच्या पिण्याच्या विहिरींना त्याचाच पाझर. वरच्या धरणातून उन्हाळ्यापर्यंत पाणी सोडलं जातं ते अशा बंधाऱ्यांच्या भरवशावर. हा भरला की खालचा, तो भरला की त्याच्या खालचा, असं थेट कुरुंदवाडपर्यंत. मधला एक जरी गळका निघाला तरी धरणातून किती सोडायचं आणि कधी, हा सगळा हिशेब चुकतो.

आबा, म्हणजे माझे वडील बाळासो कांबळे, त्या बंधाऱ्यावर सदतीस वर्षं चौकीदार होते. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले, पण त्यानंतरही पाच वर्षं दर ऑक्टोबरात खात्याची जीप घरासमोर येऊन उभी राहायची. कारण बंधारा म्हातारा झाला होता. खाचा झिजल्या होत्या, खांब कुठं किंचित कलले होते, आणि अठ्ठावीसपैकी कुठल्याही दोन गाळ्यांची रुंदी सारखी उरली नव्हती. एका गाळ्याचा बरगा दुसऱ्यात बसत नसे. कुठला कुठं जातो हे आबांना बघून कळायचं. ते काठी टेकून उभे राहायचे, गोदामातून बरगा बाहेर आला की "ह्यो आण," "त्यो ठेव बाजूला" एवढंच म्हणायचे. गडी ते म्हणतील तसं करायचे. कोणाला काही लिहून ठेवायची गरज पडली नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात, दुखणं कळल्यानंतर, त्यांनी प्रत्येक बरग्यावर लाल ऑईलपेंटनं नंबर घातले. गाळ्याचा आकडा, आणि खाली तो तळापासून कितवा ते. सहाशेच्या वर बरगे होते. मी सुट्टीत घरी होते. ते सकाळी जायचे, दुपारी जेवायला यायचे, हाताला रॉकेल चोळून रंग काढायचे. एकदाही मी त्यांच्याबरोबर गोदामात गेले नाही. वाचायला पुस्तकं नेली होती आणि ती संपवायची होती.

रविवारी एसटीत बसले तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. जूनपासून त्यांची औषधं कडक होती. कधी कधी ते मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायचे. पण ते जूननंतरचं. मे महिन्यात त्यांचं डोकं साफ होतं. होतं ना? कसबा बावड्याचा साखर कारखाना मागं गेला तरी मी स्वतःला तेच विचारत होते.

घरी पिशवी टाकली आणि तडक नदीवर गेले.

बंधाऱ्यावर बारा-पंधरा माणसं होती. मधोमध पिराजीतात्या. पिराजी पाटील, गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन, आबांच्याच वयाचे. आवाज असा की पल्याडच्या काठावरच्या माणसालाही आपल्यालाच बोलतायत असं वाटावं. बाजूला इंगवले साहेब, त्याच वर्षी बदलून आलेले तरुण शाखा अभियंता, हातात फाईल.

"ये गं पोरी," पिराजीतात्या म्हणाले. "बघ तुझ्या बापाची करणी. सहा गाळं बांधलं, आन साहीच्या साही गळायल्यात चाळणीवानी. चाळणी तरी बरी, तिच्यात खडं ऱ्हात्यात."

गावाच्या बाजूचे पहिले सहा गाळे बंद करायला घेतले होते. काही बरगे तोकडे, खाचेपर्यंत पोचत नव्हते. फटींत पोती कोंबली होती आणि पोत्यांतून पाणी पिचकत होतं. लांबीला जास्त झालेले बरगे वाटेवर आडवे टाकले होते. त्यांवरचे लाल आकडे मला लांबूनही ओळखू आले. आबांचा पाच नेहमी पोट सुटल्यासारखा असायचा.

इंगवले साहेब सभ्यपणे बोलले. "मॅडम, मला माहिती आहे, नुकतंच तुमच्या घरी... पण बुधवारी वरून पाणी सुटतंय. तोवर बंधारा बंद झाला नाही तर ते पाणी सरळ खाली निघून जाईल. पुढचं आवर्तन जानेवारीत, तेही खात्रीचं नाही. म्हणून लांब आहेत ते कापून बसवायचे, तोकड्यांना पाचर मारायची. दुसरा इलाज नाही."

"कापले की संपले," मी म्हणाले. "परत जोडता येणार नाहीत."

"बरगे तसेही जुनेच आहेत. मी अहवालात लिहिणारच आहे, की नंबर विश्वासार्ह नाहीत."

"विश्वासार्ह न्हाईत म्हंजी काय वो?" गर्दीतून सयाजीनं विचारलं. त्याचा ऊस अगदी नदीला लागून.

"चुकीचं हायत म्हंजी," पिराजीतात्यांनी समजावलं, आणि मग माझ्याकडं बघून जरा आवाज उतरवला. जरासाच. "आजारी हुता गं. आमी काय न्हाय म्हणतोय? चुकतंय माणूस."

दोन वाक्यांत संपलं होतं. सदतीस वर्षं आणि वर पाच, आणि आता अहवालात एक ओळ. मला राग आला नाही. माझ्याच मनात वाटेत जे होतं तेच ते बोलत होते.

आमची आजी, चिमणाबाई, याच नदीवर खालच्या अंगाला घागर भरायची. वरच्या अंगाला तिला मज्जाव होता. तिच्या मुलानं पुढं सदतीस वर्षं या नदीचं वरचं अंग किती भरायचं आणि खालच्या अंगाला किती सोडायचं ते पाहिलं. आबा हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. सहा डिसेंबरला कोल्हापुरात भाषण ऐकून आले तरी बंधाऱ्यावर चक्कर टाकूनच घरी यायचे. पण खात्यानं दिलेली खाकी टोपी ते इस्त्री करून घालायचे, निवृत्तीनंतरसुद्धा.

"कृष्णात, सगळ्यात अडलेला गाळा कुठला?" मी विचारलं.

"दुसरा. गेल्या साली वंडका यून आदळला त्यो खांब. उन्हाळ्यात सिमिट भरलं, तवापास्नं चार बोटं निरुंद झालाय. दोन नंबरचा एकबी बरगा आत जाईना. त्येच कापायचं हायत उद्या."

चार बोटं. मला मे महिन्यातली आमची न्हाणीघराबाहेरची चूल आठवली. आई तिच्यात चार-चार बोटांचे सागाचे ठोकळे घालत होती आणि म्हणत होती, असलं जळण राणीच्या राजवाड्यात असंल.

"अरे, पण ते आबांनी कापलेत की," मी म्हणाले. "त्या गाळ्याचे बरगे त्यांनी उन्हाळ्यातच कापले. तुकडे घरी आणले होते. आईनं पाणी तापवलं त्याच्यावर."

"न्हाय ताई. ह्ये बघा की." कृष्णातनं एक बरगा पालथा केला. दोन नंबरचा. दोन्ही टोकं काळीशार, वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेली. "कवाच कापल्यालं न्हाईत."

"मग कापलेले कुठं आहेत?"

मी गोदामाकडं निघाले, कृष्णात माझ्यामागं, आणि कृष्णातच्या मागं उरलेले सगळे, कारण आमच्या गावात एक माणूस कुठं निघाला की बाकीच्यांना मागं राहवत नाही.

गोदाम गावाच्या काठावरच आहे. आत आबांनी बरगे गाळ्यांप्रमाणे रचून ठेवले होते. कृष्णातनं बॅटरी मारली. ढीग काळे होते. अगदी मागच्या भिंतीकडं एकाच ढिगाची टोकं पिवळी, ताज्या लाकडाची. कापून पाच महिने झाले होते, तरी सागाचा वास येत होता.

कृष्णातला अक्षर फारसं येत नव्हतं, आकडे यायचे. तो वाकला. "सत्तावीस," त्यानं वाचलं. "सत्तावीस. ह्योबी सत्तावीस. ताई, ह्ये समदं सत्तावीस हायत."

"सत्तावीस तर तिकडं हाय," सयाजी म्हणाला. "पल्याडच्या टोकाला."

मी दरवर्षी जूनमध्ये सातवीला शिकवते. फळ्यावर नदी काढते आणि मुलांना सांगते, नदीचा डावा काठ कुठला आणि उजवा कुठला हे आपण कुठं राहतो यावर ठरत नाही. पाणी जिकडं जातं तिकडं तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला येईल तो डावा काठ. दरवर्षी दोन-तीन मुलं तरी चुकतातच, आणि मी त्यांना पुन्हा उभं करते.

मी बाहेर येऊन बंधाऱ्यावर उभी राहिले. पूर्वेकडं तोंड केलं, पाणी जात होतं तिकडं. आमचं गाव माझ्या उजव्या हाताला होतं.

"त्यांनी तिकडून मोजलंय," मी म्हणाले. "डाव्या काठापासून. एक नंबर पल्याड आहे. इथला हा पहिला गाळा अठ्ठाविसावा, आणि सिमेंट भरलेला सत्ताविसावा."

पिराजीतात्या फुटले.

"पल्याडनं? बाळासोनं पल्याडनं मोजलं? आरं, जलमला हितं, वाढला हितं, पगार खाल्ला हितं, गोदाम हितं, आन एक नंबर त्येंचा? आन आमी अठ्ठावीस?"

"तात्या, त्यानं पाणी काय त्येंच्याकडं जास्त जातंय व्हय?" कृष्णात म्हणाला.

"तू गप. प्रश्न पाण्याचा न्हाय. प्रश्न गावाचा हाय."

दोघंतिघं हसले. इंगवले साहेब हसले नाहीत. त्यांनी फाईल उघडली होती. तिच्यात बंधाऱ्याचा जुना नकाशा होता, निळा, घड्यांवर फाटलेला. ते बराच वेळ त्यात बघत राहिले.

"नकाशात असंच आहे," ते शेवटी म्हणाले. "गाळा क्रमांक एक, डावा काठ. खात्याची पद्धतच ती."

"मंग तुमी हिकडनं का सुरू केलंसा?" पिराजीतात्यांनी त्यांच्याकडं मोर्चा वळवला.

"मला वाटलं..." साहेब थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. "मला वाटलं, चौकीदार माणूस. आपल्या घराकडूनच मोजणार."

"मलाही तेच वाटलं होतं," मी म्हणाले.

ते खरं होतं. मी त्यांची मुलगी. भूगोल शिकवते, घरात पुस्तकांचं कपाट आहे, आणि एसटीत बसून मी औषधांचा विचार करत आले होते. आबा इंजिनिअर मोजतात तसं मोजत असतील हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आदी बसतंय का बघा तरी," सयाजी म्हणाला. "मंग कान लाल करा."

दुसऱ्या गाळ्यातून पोती काढली. म्हणजे सत्ताविसाव्यातून, मला स्वतःलाही ते लगेच जमेना. कृष्णात आणि आणखी एक गडी कमरेएवढ्या पाण्यात उतरले, दुसऱ्या दोघांनी वरून पिवळ्या टोकांचा पहिला बरगा सोडला. २७, खाली १. तो खाचेत शिरला, मध्येच थोडा अडला, कृष्णातनं वर हाताचा तळवा आपटला, आणि बरगा तळाशी जाऊन बसला. आवाज पाण्याखालून आला, पण वर सगळ्यांना ऐकू गेला.

दुसरा. तिसरा. चौथ्याला कृष्णातनं दोन बरग्यांच्या फटीत नख घालून बघितलं आणि वर मान केली.

"ताई, नखबी जाईना."

पिराजीतात्या कठड्यावरून वाकून बघत होते. मग ते सरळ झाले आणि नुसतं बघत उभ्या राहिलेल्या सगळ्यांवर ओरडले, "बघताय काय नंदीबैलागत? साही गाळं मोकळं करा! बुधवारपत्तूर काय झोपून ऱ्हानार हाय का?"

सोमवारी आणि मंगळवारी मी रजा काढली. गोदामातून बरगा बाहेर आला की मी नंबर वाचायचे आणि कृष्णात तो गाळ्यावर न्यायचा. आम्ही गावाच्या काठाकडून सुरुवात केली, अठ्ठाविसापासून उलटं, कारण गोदाम इकडं होतं. आबाही इकडूनच सुरू करायचे. सगळ्यांनी फक्त ते पाहिलं होतं. दुपारपर्यंत गडी "सव्वीस घ्या", "पंचवीस घ्या" म्हणायला लागले. पल्याडच्या गावचीही माणसं माती ठासायला आली, आणि कोणीतरी त्यांना सांगितलंच की एक नंबर तुमचा आहे. त्यावर त्यांनी पिराजीतात्यांना मधल्या चौदाव्या गाळ्यावर गाठून दोन दिवस जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तात्यांनीही काही उधार ठेवलं नाही.

सहाशेपैकी नऊ बरगे कुजलेले निघाले. आबांनी त्यांच्यावर नंबर घातला नव्हता, फुली मारली होती, आणि त्यांच्या जागी घ्यायचे जादा बरगे वेगळे रचून ठेवले होते. बाकी एकही अडला नाही. मंगळवारी दिवस मावळायच्या आत पल्याडच्या टोकाचा शेवटचा बरगा बसला. इंगवले साहेबांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि न विचारता मला दाखवलं. 'बरग्यांवरील क्रमांक दिवंगत सेवानिवृत्त चौकीदार बा. रा. कांबळे यांनी घातलेले असून अचूक आहेत. गाळे डाव्या काठापासून मोजावेत.' मी वाचलं आणि फाईल परत दिली.

घरी आले तर आई तांदूळ निवडत बसली होती. माझी आई तानूबाई आयुष्यभर कमी बोलली, आणि आबा गेल्यापासून त्याहून कमी. मी तिला सगळं सांगितलं. करवत, ठोकळे, सत्तावीस, नकाशा. ती सूप हलवत ऐकत राहिली.

"पल्याडनं मोजत्यात, ह्ये मला ठावं हुतं की," ती म्हणाली.

"तुला?"

"भाकरी घिऊन कोण जात हुतं गोदामात? मीच म्हटलं, आवो, घरापासनं मोजा, सोप्पं जाईल पोरास्नी. तर म्हणालं, घर माझं हाय, नदी न्हवं."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"कुणी इचारलं मला? आठ दिस समदा गाव नंबर नंबर करतोय. एक माणूस आला न्हाय दारात इचाराय." तिनं एक खडा उचलून बाहेर फेकला. "तूबी पिशवी टाकलीस आन पळालीस."

मी तिच्याजवळ बसले आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूनं तांदूळ निवडायला लागले.

बुधवारी पहाटे वरून पाणी सुटलं. आमच्यापर्यंत यायला दुपार झाली. आई म्हणाली, मला बघायचं आहे. आबा गेल्यानंतर ती घराबाहेर पडली नव्हती. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन ती माझ्याबरोबर नदीवर आली. निम्मं गाव तिथं होतं. वरच्या अंगाला पाणी चढत होतं, गढूळ, संथ, बरग्यामागून बरगा झाकत. खालच्या अंगाला नदीचे दगड उघडे होते.

पिराजीतात्या आईला बघून बाजूला झाले. "या वयनी. बगा. बाळासोचं काम बगा."

आई खालच्या अंगाच्या कठड्याला धरून एकेक गाळा बघत निघाली, अगदी सावकाश, जत्रेत बांगड्या बघतात तशी. मधूनच थांबायची, वाकायची, पुढं जायची. लोक तिच्याकडं बघायला लागले. एका गाळ्यावर ती जरा जास्तच वेळ थांबली.

"कृष्णात," ती म्हणाली, "हितं वल हाय. माती कमी पडलीया. त्येंनी बघितलं आसतं तर शिव्या खाल्ल्या आसत्यास."

"कुठल्या गाळ्यात, मावशी?" कृष्णात मातीचं घमेलं घेऊन धावत सुटला होता.

"अकराव्या."

तो मान खाली घालून आमच्या काठापासून मोजत सुसाट निघाला, आणि माझी आई, जिचा आवाज मी दोन महिन्यांत धड ऐकला नव्हता, अख्ख्या बंधाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "आरं मुडद्या, पल्याडनं!"